लाभ, दोन, तीन

२०१८ साल सरत आलं होतं. शिरगावच्या खाणी बंद पडून आठ-नऊ महिने झाले होते. ट्रकांच्या रांगा गेल्या, झाडांच्या पानांवरची तांबडी धूळ एका पावसाळ्यात धुऊन निघाली आणि माणसांना एकमेकांचं बोलणं पुन्हा न ओरडता ऐकू यायला लागलं. त्याच शांततेत देवकीला कळलं, की आपल्या सुनेची बारावी झालेली नाही.

म्हणजे झाली होती. लग्न जुळवताना सुविधाच्या मामाने तसंच सांगितलं होतं, मुलीची बारावी झालीय. ती दोडामार्गाहून रोज बसने डिचोलीच्या हायर सेकंडरीत जायची, विज्ञान शाखेत होती, हे सगळं खरंच होतं. फक्त रसायनशास्त्रात ती नापास झाली होती, पुन्हा बसली होती आणि पुन्हा नापास झाली होती. हे मामाने सांगितलं नाही आणि देवकीने विचारलं नाही.

विषय निघाला तो नर्सिंगवरून. देवकीचे यजमान गोकुळदास आदल्या वर्षी गेले. त्यांच्या आजारपणात ही नवी सून त्यांची कूस बदलून द्यायची, पाठीला पावडर लावायची, आणि भरवताना असं काही बोलत राहायची की त्या तिरसट माणसाचं पेजेचं ताट कधी रिकामं झालं ते त्यालाही कळायचं नाही. देवकीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा एके दिवशी चहाला पोदेराच्या बेकरीतले उंडे पाव पुढे ठेवता ठेवता ती म्हणाली, की बारावी झालेल्या मुलींना नर्सिंगला घेतात म्हणे, तू का जात नाहीस? सुविधाने हातातला उंडा खाली ठेवला आणि रडायलाच लागली.

शेजारच्या घरातून देवकीची जाऊ सरस्वती आली. रडणं ऐकलं की सरस्वतीचे पाय आपोआप चालू लागत. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे फसवलंच म्हण की तुला, वहिनी."

"कोणी फसवलं? बारावी झाली म्हणाले. पास झाली असं कोण म्हणालं?" देवकी म्हणाली. "आपलेच कान तेव्हा बँडकडे होते."

सुविधा रडता रडता हसली. त्या दिवशी ठरलं, की फेब्रुवारीतल्या परीक्षेला तिने पुन्हा बसायचं. गौरेश, म्हणजे देवकीचा मुलगा, खाणीवरचं काम गेल्यावर औषधांच्या एका कारखान्यात पाळीवर लागला होता. तो फार बोलणारा नव्हता. त्याने बायकोची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली, झटकली आणि मेजावर रचून ठेवली. सुविधाने मात्र एकच सांगितलं. ही शेवटची वेळ. तिसऱ्यांदा नापास झाले तर पुस्तक पुन्हा उघडणार नाही, आणि नर्सिंगचं नाव या घरात कोणी काढायचं नाही. ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून देवकीला भीती वाटली. आदळआपट करून बोललेलं माणूस विसरतं. असं बोललेलं पाळतं.

अभ्यास स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत चाले. उकड्या तांदळासाठी भात उकडायचे दिवस होते. चुलीवर भलंमोठं तांब्याचं भाण चढलेलं, देवकी जाळ बघतेय आणि शेजारी पाटावर बसून सुविधा पाठ म्हणतेय. देवकी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला लावून लावून वाचता येत, अर्थ कळत नसे. पण पुस्तक हातात धरून ती ऐकायची, आणि सुविधा कुठे अडखळली की म्हणायची, "इथे तुझा आवाज बारीक झाला. इथे तुला येत नाही." ते दर वेळी बरोबर निघायचं.

पाठांतर पक्कं होतं. घात होत होता तो रसायनातल्या गणितांत. रविवारी सुविधा डिचोलीला, हायर सेकंडरीत तिला रसायनशास्त्र शिकवलेल्या विनिता टीचरांकडे जायची. पहिल्यांदा जायला लाजत होती. दोनदा नापास झालेलं तोंड टीचरना कसं दाखवू म्हणाली. देवकीच तिला घेऊन गेली, बरोबर एक भोपळाही नेला. टीचरनी भोपळा ठेवून घेतला, चार गणितं सोडवायला दिली, आणि वही बघून चष्मा कपाळावर सरकवला.

"सगळं कळतंय तुला," त्या म्हणाल्या. "मग हे काय करतेस? अमोनिया कसा होतो, सांग."

सुविधाने सांगितलं. नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून अमोनिया. हायड्रोजनच्या आधी तीन, अमोनियाच्या आधी दोन. नायट्रोजनच्या आधी काही लिहिलेलं नाही.

"डावीकडे एकूण किती झाले?"

"तीन."

"चार गो. ज्याच्या आधी काही लिहिलेलं नाही, तिथे एक असतो."

सुविधाने मान हलवली, दुरुस्त केलं. पुढच्या गणितात पुन्हा तेच. टीचरांनी समजावलं की तिला पटायचं. पण घड्याळ लावून बसवलं की हात त्या मोकळ्या जागेवरून सरळ पुढे जायचा. जे दिसत नाही ते तिच्या हिशेबात येतच नव्हतं. महिना असाच गेला. एका रविवारी देवकीही बरोबर गेली होती. टीचर बसपर्यंत पोहोचवायला आल्या तेव्हा तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, की मुलगी हुशार आहे, पण ही एक खोड गेली नाही तर काही खरं नाही. देवकीने घरी येऊन ते सुनेला सांगितलं नाही. रात्रीच्या आमटीत मात्र मीठ दोनदा पडलं.

उकडलेलं भात वाळलं. गिरणीवर पाठवायच्या आधी देवकी ते लाकडी पायलीने मापून पोत्यात भरायची. गिरणवाल्यावर तिचा विश्वास होता, पण मापून दिल्यावर तो जास्त बसायचा. अंगणात ती माप ओतत होती आणि सुविधा भिंतीवर कोळशाने रेघा मारत होती.

"लाभ... दोन... तीन... चार..." देवकीचा आवाज एका लयीत चालला होता. पोतं भरलं. ती म्हणाली वीस, आणि भिंतीवर निघाल्या एकोणीस रेघा.

"एक चुकवलीस."

"नाही आई. मी नीट बघत होते." सुविधाने रेघा पुन्हा मोजल्या. "तुम्ही लाभ म्हणालात, तो मी धरला नाही. तो देवाचा ना?"

देवकीला हसू फुटलं. पायली मांडीवर घेऊन ती तिथेच खाली बसली. "देवाचा कसला गो? लाभ म्हणजेच पहिला. भात मापताना एक म्हणायचं नसतं, म्हणून लाभ म्हणायचं. तुमच्याकडे नाही म्हणत?"

"आमच्याकडे भात कुठलं? बाबा ट्रकावर. तांदूळ दुकानातला, किलोने."

"म्हणजे लग्न झाल्यापासून दर पोत्याला एक पायली तू देवाला देत आलीस?"

"होय."

"देव जाडा झाला असेल." देवकीने डोळे पुसले. मग सुनेचं तोंड पडलेलं बघून ती हळूच म्हणाली, "अगो, एक म्हटलं नाही म्हणून तो नाही असं कसं? पोत्यात तर तोच सगळ्यात खाली आहे. बाकीचे त्याच्यावर बसलेत."

सुविधा कोळसा हातात घेऊन उभी राहिली. बघत होती पोत्याकडे, पण पोतं तिला दिसत नसावं. मग ती आत पळाली आणि वही घेऊन आली. काळ्या हातांनी तिने पान उघडलं, अमोनियाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "लाभ नायट्रोजन, तीन हायड्रोजन. चार."

हा नायट्रोजन कोण, कुठला, देवकीला ठाऊक नव्हतं. पण सुनेचा आवाज त्या जागी बारीक झाला नव्हता, तेवढं तिला कळलं.

त्या दिवसापासून पडवीत सगळी रासायनिक समीकरणं लाभाने सुरू व्हायला लागली. विनिता टीचर पहिल्यांदा ऐकून खुर्चीतल्या खुर्चीत हसल्या आणि म्हणाल्या, पेपरात लिहू नकोस म्हणजे झालं. घड्याळ लावून दिलेल्या गणितांत आता चुका व्हायच्या, पण त्या दुसऱ्या असायच्या.

आणि याच दिवसांत देवकीला दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. कोर्स तीन वर्षांचा, हॉस्टेलवर राहायचा. गौरेश पाळीवर. म्हणजे भाणाशेजारचा हा पाट रिकामा. भात पसरता पसरता तिच्या मनात एकदा आलं, की ही पास झाली नाही तर इथेच राहील. तिने लगेच हातातलं भात खाली टाकलं, जणू कोणी ते ऐकलं असावं. पुन्हा तिने तो विचार जवळ येऊ दिला नाही. आला तर उठून सुनेला चहा करून द्यायची.

पेपरच्या सकाळी सरस्वती वाटीत दही घेऊन आली. सुविधाच्या हातावर घालताना म्हणाली, "लग्न झालेल्या बाईला कसली गो परीक्षा. नीट लिही." गौरेशने तिला स्कूटरवर नेलं. देवकी मागून बसने गेली आणि शाळेबाहेर सावलीत इतर आईबापांमध्ये बसली. शेजारच्या बाईने विचारलं, मुलगी की नात? देवकी म्हणाली, सून. त्या बाईने सरकून देवकीला जास्तीची जागा करून दिली.

सुविधा बाहेर आली तेव्हा देवकीने आधी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन ती म्हणाली, "शेवटचा एक राहिला. बाकी सगळं लिहिलं. घाई नाही केली, आई."

निकालाच्या दिवशी गौरेशने मोबाइलवर बघून सांगितलं. पास. गुण काही मिरवण्यासारखे नव्हते. सरस्वतीने गावभर सांगताना ते वाढवून सांगितले.

पण नर्सिंगला नाव लागलं तेव्हा सुविधाच मागे सरली. तुम्ही एकट्या पडाल, म्हणाली, पास झाले तेवढं पुरे. देवकी भांडी घासत होती. हात धुऊन, पदराला पुसून ती सुनेसमोर येऊन बसली.

"मी एकटी नाही. सरस्वती आहे भांडायला," ती म्हणाली. "तू माझ्यासाठी थांबलीस तर मी रोज तुझं तोंड बघत बसेन, आणि मला रोज तुझ्या सासऱ्यांचं ते पेजेचं ताट आठवेल. जा तू. मला रडू येईल ते माझं मी बघते."

सुविधा गेली. तिच्या शिक्षणाची मधली वर्षं महामारीची निघाली. कोविडच्या वॉर्डात शिकाऊ म्हणून तिने जे पाहिलं ते ती अजूनही घरी पूर्ण सांगत नाही. आता ती पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आहे आणि केरीला भाड्याच्या घरात राहते. गौरेशने कारखाना सोडला नाही. तो रोज तिकडून ये-जा करतो, आणि त्यांची मुलगी आता बालवाडीत जाते. विनिता टीचर निवृत्त होऊन म्हापशाला मुलाकडे राहायला गेल्या. सरस्वतीला मधुमेह निघाला. दुसऱ्या कोणाकडून ती सुई टोचून घेत नाही. आमची सुविधा येऊ दे, म्हणते, आणि आली की ओरडते. देवकीने गुडघ्यांमुळे शेत अर्धेलीने दिलं. पावसाळ्याचे चार महिने ती केरीला जाऊन राहते.

गेल्या वर्षी तिचा रक्तदाब वाढला आणि ती तपासून घ्यायला सुविधाच्या केंद्रात गेली. बाकावर नंबर लावून बसली होती. आत हाक आली तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या सुविधाने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, ज्या आवाजात इतर सगळ्यांना सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "हात सैल सोडा, आई," आणि देवकीने सोडला.