सोमवारची थंडी

बीभांडारात तिला सगळे थंडीबाई म्हणत आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी हिच्या अंगात राखाडी लोकरीचा स्वेटर असायचाच. शीतखोलीत दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करणाऱ्या माणसाने दुसरं घालायचं तरी काय? नवरा म्हणायचा, "तू घरात आलीस की फ्रीजचं दार उघडल्यासारखं वाटतं."

त्या खोलीत अकराशे बरण्या होत्या. प्रत्येक बरणीत कुणाच्या तरी शेतातलं, दुकानात न मिळणारं बी, आणि प्रत्येक बरणीची पावती त्या माणसाच्या घरी. पावतीवर छापलेलं होतं, 'मागितल्यास बी परत मिळेल.' मागायला मात्र सहसा कुणी येत नसे. बावीस वर्षांत फार तर पाच-सहा जण आले असतील.

त्या मंगळवारी एक बाई आली. वय चाळिशीचं, चपलांना वाळलेला चिखल, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेली पावती.

"माझ्या सासूबाईंनी नऊ वर्षांपूर्वी काळा घेवडा दिला होता. पांढऱ्या डोळ्याचा. तो परत हवाय."

"का हो, घरचा संपला?"

"पूर आला. घरात कमरेएवढं पाणी. बी कुजून गेलं. आख्ख्या वस्तीत दाणा उरला नाही, ताई. दुकानातलं आणून लावलं, पण आमच्या उतारावर ते जीवच धरत नाही. हा घेवडा कसा, वरून थेंब पडला नाही तरी तग धरायचा. सासूबाई जाताना म्हणाल्या, घाबरू नकोस, आपली ठेव आहे तिकडे."

थंडीबाईचा ऊर भरून आला. एवढी वर्षं थंडी खाल्ली ती याच दिवसासाठी, असं तिला वाटलं. "निर्धास्त राहा," ती म्हणाली. "इथलं बी मरत नाही."

बी परत देण्याआधी तपासायचं असा नियम होता. शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून आठ दिवस ठेवायचे आणि किती उगवतात ते मोजायचं. घेवडेवाली गावात बहिणीकडे राहिली. रोज सकाळी यायची, बाकावर बसायची आणि थंडीबाईने कापड उलगडलं की मान पुढे काढून बघायची. पाचव्या दिवशी एकच कोंब दिसला. आठव्या दिवशी दोघींनी मिळून मोजलं. सात कोंब होते. बाकीचे दाणे बुळबुळीत झाले होते आणि कापडाला वास मारत होता.

घेवडेवाली म्हणाली, "सासूबाई राखेत घालून मडक्यात ठेवायच्या. वरून शेणाने लिंपायच्या. दोन-दोन वर्षं काही व्हायचं नाही. तुमच्याकडे यंत्र आहे म्हणून विश्वासाने दिलं. काय केलंत तुम्ही त्याचं?"

काय केलं ते थंडीबाईला पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी मोठे साहेब बदलून आले आणि त्यांच्या डोक्यात वीजबचतीचं खूळ शिरलं. शुक्रवारी संध्याकाळी शीतयंत्र बंद करायचं, ते सोमवारी सकाळी सुरू करायचं. "भिंती जाड आहेत, बाई. थंडी काय पाय लावून पळून जाते?" तिने एकदा हरकत घेतली, दुसऱ्यांदा घेतली नाही. नोंदवहीत शनिवार-रविवारचे रकाने रिकामे दिसले तर तपासणीवाले विचारतील, म्हणून तेही भरायचे. तिने भरले. चार अंश, चार अंश, चार अंश. खाली सही. पुढे साहेबांना वीजबचतीबद्दल बक्षिसाची ढाल मिळाली आणि सगळ्यांना पेढे वाटावेत तशी ती हातोहात फिरली.

आणि सोमवारी? सोमवारी दुपारपर्यंत थंडीबाईचा स्वेटर खुंटीवरच असायचा. तो लागतच नसे. दोन दिवसांत बाहेरची दमट हवा आत शिरून गार बरण्यांना घाम फुटलेला असायचा. जुन्या झाकणांचे रबर कडक झालेले, ओल आत शिरायची. ती फडकं घेऊन एकेक बरणी पुसायची, आणि बरण्या कशा लख्ख ठेवल्यात म्हणून साहेब तिचं कौतुक करायचे. शेत राखायला ठेवलेलं कुंपणच शेत खात होतं आणि वर ढाली मिरवत होतं!

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. ढाल टेबलावरच होती. साहेबांनी आकडा ऐकला, चष्मा पुसला आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. मजकूर तयारच होता. 'सदर बियाणे जमा करतेवेळीच हलक्या प्रतीचे होते.'

"सही करा आणि बाईंना द्या. विषय संपला."

"साहेब, जमा झालं तेव्हा मीच तपासलं होतं. शंभरातले शहाण्णव उगवले होते."

"मग नोंदवही काय सांगते? कायम चार अंश. सही कोणाची आहे त्याखाली?" साहेब हसले. "उगाच स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय?"

तिचं डोकंच फिरलं. मेलेल्या म्हातारीने हलकं बी आणून दिलं होतं, असं हे तिच्या सुनेला लिहून देणार! यांनी मारायचं आणि वर मेलेल्यालाच नावं ठेवायची! आणि या सगळ्याला सही हवी होती ती हिची, कारण ती चार वर्षं मुकाट्याने मिळत आली होती.

ती जागेवर येऊन बसली. लाल पेन काढलं आणि नोंदवहीतला चार वर्षांचा प्रत्येक शनिवार, प्रत्येक रविवार खोडला. प्रत्येक ठिकाणी लिहिलं, 'यंत्र बंद होतं. आकडा खोटा आहे. खोटा मी लिहिला, हुकूम साहेबांचा.' दुपार त्यातच गेली, मनगट भरून आलं. मग तिने त्या पानांच्या प्रती काढल्या, एक साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी घेवडेवालीच्या हातात दिली.

घेवडेवालीने ती वाचली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"रोज मला बाकावर बसवून ठेवलंत तेव्हासुद्धा?"

"मी मनाला समजावत होते, की तुमचा तरी वाचला असेल."

घेवडेवालीने सात कोंब ओल्या रुमालात घेतले. उरलेली बरणी काखेत मारली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "आणि बाकीच्या बरण्या? त्या लोकांना कोण सांगणार? तेसुद्धा घरी पावती जपून बसले असतील."

साहेबांनी लाल खुणांची प्रत खणात टाकली होती. त्या शुक्रवारी यंत्र नेहमीप्रमाणे बंद झालं. सुरू ठेवलं असतं तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

मग दोघी कामाला लागल्या. मजकूर थंडीबाईने लिहिला. 'तुमचं बी आम्ही नीट सांभाळलं नाही. जे जिवंत आहे ते मरायच्या आत घेऊन जा. पावती आणा. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी या.' त्याच्या प्रती काढल्या, आणि अकराशे पत्ते बहिणीच्या घरी जमिनीवर बसून दोघींनी लिहून काढले. खिडकीत सात कुंड्या होत्या. त्यातल्या पाचांनी पानं धरली.

सोमवारी थंडीबाई आठला पोचली तेव्हा फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रांग होती. कुणाच्या हातात पावती, कुणाच्या हातात पावतीचा तुकडा, एका म्हाताऱ्याने तर चौकटीत घालून भिंतीवर लावलेली पावती चौकटीसकट उचलून आणली होती. तिने शीतखोलीचं दार सताड उघडलं, दाराशी टेबल टाकलं आणि क्रमाने एकेक बरणी द्यायला लागली. प्रत्येकाला सांगत होती, "आधी दहा दाणे ओल्या कापडात घालून बघा. किती उगवले ते मला लिहून कळवा. खऱ्या आकड्याखाली मी सही करून देते."

साडेदहाला साहेबांची गाडी आली. रांग बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांना ढकलत ते टेबलापर्यंत पोचले.

"काय चाललंय हे? नोकरी जाईल तुमची! आधी ते दार लावा, सगळी थंडी बाहेर जातेय!"

थंडीबाईने खुंटीकडे बोट दाखवलं. राखाडी स्वेटर तिथे लटकत होता.

"आज सोमवार आहे, साहेब," ती म्हणाली. "आत थंडी आहेच कुठे?"

आणि तिने पुढच्या माणसाची पावती मागितली.