बिनटाक्याचे बुवा आणि मावशीचा रुमाल

"ज्यांच्या पेशींचे सिग्नल बिघडलेत, त्यांनी हात वर!"

नळाच्या सामानाच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. बुवांनी विचारताच दीडशे हात वर गेले. माझ्या काकांनी तर दोन्ही वर केले. त्यांना साधी सर्दीसुद्धा नव्हती.

टेबलावर माझी मावशी आडवी होती. बिनटाक्याच्या बुवांनी शिष्याच्या ताटातून कापसाचा बोळा उचलला, तिच्या पोटावर ठेवला, बोटं दाबली आणि बघता बघता ती आत शिरली. लाल ओघळ आला. चिमटीत एक काळपट, लिबलिबीत गाठ! सुरी नाही, टाका नाही, व्रण नाही. लोक रडायला लागले. शिष्याने गाठ लगेच पेटत्या शेगडीत टाकली.

"लांब व्हा! रोग उडी मारतो!"

"पण तिचा रोग फुप्फुसात आहे," मी म्हटलं. "गाठ पोटातून कशी निघाली?"

बुवा गोड हसले. "बाई, झाड दिसतं वर, मूळ असतं खाली."

टाळ्यांचा कडकडाट. छातीला बरगड्या असतात आणि बरगड्यांत बोटं खुपसल्याचं सोंग करता येत नाही, हे तिथल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. मलासुद्धा नाही!

"सिग्नल कायमचा बंद केलाय," बुवा मावशीला म्हणाले. "आता गोळ्या बंद. गोळी म्हणजे अविश्वास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिग्नल म्हणे! नऊ वर्षं मी प्रयोगशाळेत तेच काम करतेय. पेशीवर दाराच्या घंटीसारखी प्रथिनं असतात. बाहेरून बटण दाबलं गेलं की आत निरोप जातो, 'वाढ'. मावशीच्या कर्करोगात ते बटण दाबलेलंच अडकून बसलंय. तिची रोजची गोळी त्याला गप्प करते. गोळी थांबली की घंटी पुन्हा सुरू.

पण ऐकतो कोण? मावशीने गोळी सोडली आणि पाचव्या आठवड्यात तिचा खोकला परत आला.

"रोग बाहेर पडतोय, गुरुदेव म्हणाले," मावशी धापा टाकत म्हणाली.

रक्त पुसायला बुवांनी तिचाच रुमाल घेतला होता. तो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवला होता. रक्त तपासायला मी त्याचा एक कोपरा मागितला.

"खुशाल ने," काका म्हणाले. "माणसाचं निघालं तर मात्र तोंड बंद ठेवायचं."

"आणि नाही निघालं तर मी गोळी घेईन," मावशी म्हणाली. "शब्द देते."

आमचं मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे तोलणारा तराजू. कोपरा कापला, प्रथिनं काढली, तुकडे केले, यंत्रात घातले. निकाल आला: माणूस! आणि मी मूर्ख, काकांना फोन करून सांगूनही टाकलं. त्याच दिवशी हॉलमध्ये घोषणा झाली, "विज्ञान शरण आलं!"

मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, निकाल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"कुठल्या यादीशी जुळवलंस?"

"नेहमीच्याच. माणसाच्या."

"अगं, यंत्र फक्त वजनं सांगतं. नावं आपण दिलेल्या यादीतून निघतात. माणसांच्याच यादीत शोधलंस तर माणूसच सापडणार ना! आणि हे न जुळलेले तुकडे? यांना कोण विचारणार?"

आम्ही रोज माणसाच्याच कर्करोगावर काम करतो, दुसरी यादी उघडायची वेळच येत नाही. पण सबब कशाला सांगू? भक्तांना नावं ठेवणारी मी त्यांच्यासारखीच वागले होते. जे आधीच मानलं, तेवढंच विचारलं.

मग बकरी, गाय, डुक्कर, कोंबडी, सगळ्या याद्या जोडल्या. कोंबडी निघाली! कोंबडीचं रक्त आणि कोंबडीची कलेजी. आधी जुळली होती ती माणसात आणि कोंबडीत सारखी असणारी प्रथिनं. खास माणसाचं म्हणावं असं उरलं ते कातडीचं केराटिन, मावशीच्या आणि माझ्या हातांचं.

"आधी माणूस, आता कोंबडी! कागदावर काय, काहीही छापता येतं," काका फणकारले. मावशीलाही ते पटलं.

ठीक आहे. दोन दिवस मी मॅडमच्या पोटावर सराव केला. पुढच्या बैठकीला बुवा यायच्या आधी काकांनाच टेबलावर झोपवलं. ताटातला बोळा उचलल्यासारखं केलं, माझा आणलेला ठेवला, बोटं मुडपून दाबली. लाल ओघळ!

"अगं आई गं, खरंच आत गेली!" काका किंचाळले.

मी गाठ वर धरली. पहिल्या रांगेतल्या बाईने हात जोडले. "ताई, तुमच्याकडे नंबर कुठे लावायचा?"

आता हसावं की रडावं? मी बोळा उलगडला. आत फुटका फुगा, लाल पाणी आणि खाटकाकडून आणलेली कलेजी. मुडपलेली बोटंही सगळ्यांना दाखवली. काका पोट चाचपत उठून बसले.

तेवढ्यात बुवा आले. मी म्हटलं, "आजची गाठ शेगडीत टाकू नका, मला द्या. सगळ्यांसमोर तपासू."

"श्रद्धेची परीक्षा घेत नाहीत, बाई."

मावशी उठली. उभं राहायलाही तिला खुर्ची धरावी लागली. "या परीक्षेत मी नापास झाले तर मरते, गुरुदेव. तुम्हाला एक गाठ देववत नाही?"

बुवांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या जिन्याने पसार झाले.

मावशीने शब्द पाळला. तिथेच, उभ्या उभ्या गोळी घेतली. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. "गोळी अजून काम करेल असं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण गेलेले सहा आठवडे परत मिळणार नाहीत."

"तो बुवा माझा हात धरून बसायचा," मावशी त्यांना म्हणाली. "तुम्ही कागदातून मान तरी वर करता का?"

डॉक्टरांनी मान वर केली. कागद बाजूला सारून ते तिच्याजवळ येऊन बसले. जिथे कुणी मान वर करत नाही, बुवा तिथूनच तर आत शिरतात.

म्हणून सांगते. चमत्कार बघा, डोळे भरून बघा. मग म्हणा, ती गाठ द्या, आम्ही तपासतो. जे खरं आहे ते तपासणीला भीत नाही. माझा निकालसुद्धा दोनदा तपासावा लागला, त्यात लाज कसली? आणि कुणी गोळी बंद करा म्हणालं, तर आधी तो माणूस बंद करा.