चटईखालचे अश्रू

तळघराच्या जिन्यावर माणसांची रीघ लागली होती. खाली महाराजांनी काँक्रीटवरची रबरी चटई उचलली आणि खालची जमीन ओलीचिंब निघाली.

"छप्पर गळत नाही, नळ फुटलेला नाही. मग हे पाणी कुठलं?" महाराजांनी डोळे मिटले. "पोरीचे अश्रू."

लोकांनी बोटं टेकवून डोळ्यांना लावली.

याच चटईवर या घरची लेक नाचाचा सराव करायची. तापाचं निमित्त होऊन ती गेली, तेव्हा तिच्यासाठी इथं लाकडी फरशी बसवायची बापाची तयारी चालली होती. फरशी घातलीत तर पोरीचा जीव कोंडेल, असं महाराजांनी बजावलं, आणि आईनं तिथंच बैठक मारली. ओलीत बसून बसून तिचा खोकला छातीत उतरला. बापाला तो वरच्या खोलीत ऐकू येई. पण बायकोकडून लेक दुसऱ्यांदा हिरावून घ्यायची त्याची छाती होत नव्हती.

शेवटी मेहुणीनं विषय काढला. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"भावोजी, पाणी तिच्याच चटईखाली येतं, की कशाहीखाली?"

दोघांनी प्लास्टिकचे तुकडे चिकटपट्टीनं जमिनीला घट्ट लावले: जिन्याखाली, अडगळीत आणि शेजाऱ्यांच्या तळघरातही. दोन दिवसांनी सगळ्यांसमोर ते उचलले. प्रत्येकाखाली पाणी.

"आत्मा सगळीकडे फिरतो," महाराज म्हणाले.

"शेजाऱ्यांकडे तर ती कधी तळघरात उतरलीच नव्हती," मेहुणी म्हणाली.

मग तिनं समजावलं. छपराचं पाणी आणणारे पाइप भिंतींच्या पायथ्याशीच ओततात. माती ओली राहते, ओल काँक्रीटमधून वर चढते. उघड्या जागी ती वाळून जाते. झाकण पडलं की खाली साचते. आधी पाइप लांब न्यायचे, भेगा बुजवायच्या, ओल अडवणारा थर द्यायचा. प्लास्टिकखाली कोरडं राहिलं, तरच फरशी.

महाराजांनी काढता पाय घेतला, मागोमाग गर्दीही पांगली. आई तशीच बसून होती.

"म्हणजे ती रडत नव्हती?"

"नाही गं," मेहुणी म्हणाली.

"रडत होती तोवर ती कुठंतरी होती."

बाप तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसला आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून रडला. मग तिला हाताला धरून वर नेलं, डॉक्टरांकडे नेलं.

दुःखात माणूस काडीचाही आधार घेतो. म्हणून तेव्हाच, कुणी आधाराला काडी पुढे केली, तर विचारावं, हे होतं कसं? उत्तर जिव्हारी लागलं तरी विचारावं. गेलेलं माणूस परत येत नाही. मागं राहिलेलं वाचवता येतं.