पुढचा डावा

टायर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरची गाडी येईल. तेवढं मोठं माझं नशीब नाही. रिमोटवर पळणाऱ्या, जेमतेम दोन वीत लांबीच्या ट्रकचा मी पुढचा डावा टायर. तुमच्या मुठीत मावेन. पण शर्यतीत धावलोय, हवेत उडालोय, तोंडावर आपटलोय. आणि एका घरातली एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली होती. तेवढी सांगतो आणि तुमची रजा घेतो.

माझा जन्म लोखंडी साच्यात झाला. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगभर मोहरीएवढे टोचे उमटले होते. मऊ रबर आणि बुटके टोचे, म्हणजे मी कडक मातीसाठी जन्मलेला. भुसभुशीत मातीचे टायर वेगळे असतात. त्यांचे टोचे उंच, ते माती खणत पळतात. आमच्यासारख्यांनी माती खणायची नसते, तिला धरून राहायचं असतं.

दुकानात मला निवडलं ते काकांनी. ट्रॅकवर सगळे त्यांना कवळीकाका म्हणतात, कारण दाताच्या डॉक्टरांसाठी ते कवळ्या बनवतात. त्यांनी मला पाकिटातून काढलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, कानाजवळ नेऊन पुन्हा दाबलं. अंगठा किंचित थरथरत होता. मला वाटलं, हा माणूस टायर पाहून हरखलाय. नव्या टायरला असं वाटायचंच.

घराच्या पुढच्या खोलीत काकांचं काम चालतं. मोठ्या टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी एक नवीकोरी कवळी होती, ती दिवसभर माझ्याकडे बघून हसत बसली. काकांनी माझ्या पोटात स्पंजचं कडं घातलं, मला पांढऱ्या चाकावर चढवलं आणि कडेकडेने गोंद सोडला. मग ज्या मशीनवर ते कवळ्यांना चकाकी आणतात, त्याच मशीनवर मला फिरवून माझे टोचे घासायला घेतले.

तेवढ्यात काकू कामावरून आल्या. काकू शहर बस चालवतात. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अहो, दातांच्या मशीनवर टायर? उद्या कुणाच्या तरी तोंडाला रबराची चव लागायची!"

"ब्रश बदललाय गं."

"आणि नवाकोरा टायर घासताय कशाला? आमच्याकडे टायर घासलेला दिसला की गाडी डेपोबाहेर काढत नाहीत."

"तुझा रस्ता वेगळा, माझी माती वेगळी," काका म्हणाले. "कडक मातीवर टोचे जास्त झाले की ट्रक उंच टाचांच्या चपला घालून फरशीवर पळाल्यासारखा पळतो. थोडे घासले की पाय टेकतात."

"केस पिकले, आता तरी पाय टेकवा जमिनीवर," असं म्हणत काकू आत गेल्या. पण जाता जाता टेबलाच्या कडेला आलेली कवळी मागे सरकवून गेल्या. त्या घरातलं प्रेम असंच चालायचं.

ट्रॅक एका गोदामाच्या मागे होता. चिकण माती, पाणी मारून आणि रोलर फिरवून दगडासारखी केलेली. गाड्या पळून पळून मधोमध रबराचा काळपट पट्टा उमटलेला. त्या पट्ट्यावर राहिलात तर पकड मिळते, बाहेर गेलात की धूळ आणि घसरगुंडी. ट्रॅकची देखभाल करणारा आणि शर्यतीचं वर्णन ओरडून करणारा गृहस्थ एकच. त्याला सगळे भोंगा म्हणत. एके काळी काकांचा ट्रक पुढे नसला तर भोंग्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं म्हणे.

माझ्या पहिल्याच शर्यतीत मला काहीतरी वेगळं जाणवलं. तेही वळणावर नाही, सरळ पट्ट्यावर. तिथे पुढच्या चाकांना काही कामच नसतं, नाकासमोर चालायचं. पण मला सारखे हुकूम येत होते. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. इतके बारीक की वळता तर येईना आणि सरळही राहवेना. ट्रक नागमोडी पळत पट्ट्याबाहेर गेला, धुळीत घसरला, पालथा झाला.

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "पुढचे टायर भिरभिरताहेत. स्पंज मऊ पडला बहुतेक."

त्यांनी स्पंज बदलला. मग मला काढून दुसरे टायर लावले, जास्त मऊ रबराचे. मग कडक रबराचे. मग गुळगुळीत, ज्यांच्यावर टोचेच नाहीत असे. माझी रवानगी समोरच्या कपाटाच्या खणात झाली. तिथे आधीच पुढच्या टायरांच्या कितीतरी जोड्या पडल्या होत्या. सगळे धडधाकट, सगळ्यांवर आरोप एकच.

"तूही भिरभिरतोस का रे?" एका म्हाताऱ्या टायरने विचारलं.

"मी नाही भिरभिरत. मला तसे हुकूम येतात."

"आम्हालाही," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. भिरभिरत होता तो काकांचा उजवा हात. रिमोटचं चाक त्याच हाताने फिरवायचं असतं. पण आम्ही कुणाला सांगणार? आणि कोणत्या तोंडाने?

खणाच्या फटीतून मला टेबल दिसायचं. कवळीचं मेण कापताना सुरी निसटायची. काका म्हणायचे, "हल्लीचं मेण चांगलं येत नाही." पुन्हा पहिल्यापासून करायचे. पूर्वी काम करताना शीळ घालायचे म्हणे. मी ती कधी ऐकली नाही.

मग पुढच्या शर्यतीला त्यांनी पुन्हा मलाच लावलं. सगळे करून झाले होते ना! त्या दिवशी काकूंना सुट्टी होती. "चला, बघू तरी तुमचा सवतीचा संसार," असं म्हणून त्या पहिल्यांदाच ट्रॅकवर आल्या.

सगळ्यांची नजर ट्रककडे होती, काकूंची काकांच्या हाताकडे. मी तीनदा पट्ट्याबाहेर गेलो. शेवटी तर आमचा ट्रक भिंतीवर असा आदळला की भोंग्याचाही आवाज बंद झाला. घरी येताना काकाच बोलत होते. टायर, स्पंज, माती, ऊन, सगळ्यांना नावं ठेवून झाली.

घरी आल्यावर त्यांनी मला ट्रकवरून काढलं. "हा डावा मुळातच वाकडा आहे. कचऱ्यातच टाकतो."

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी मला घेतलं आणि काकांचा उजवा हात पुढे ओढून तळहातावर ठेवलं. "धरा. नुसता धरून ठेवा."

मी त्या तळव्यावर होतो. ट्रक नाही, माती नाही, वेग नाही. तरी मी हलत होतो. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

"आता सांगा," काकू हळूच म्हणाल्या, "टायर वाकडा आहे?"

काकांनी मूठ मिटली. मी आत दबलो, अंधार झाला, पण थरथर थांबली नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?" काकांनी विचारलं.

"आज पाहिलं. पण शर्टाची वरची गुंडी तुम्ही लावायचं सोडलंत, तेव्हापासून मनात होतं."

"दात कोण करणार मग?" काका म्हणाले. "लोकांच्या तोंडात जायची वस्तू आहे ती. केसभर चुकून चालत नाही."

"दातांचं बघू. आधी डॉक्टर."

डॉक्टरांकडे दोघं गेले ते मला दिसलं नाही. परत आल्यावर काकूंच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं आणि काका नेहमीपेक्षा हळू चालत होते. गोळ्यांनी थरथर कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं काहीसं बोलणं कानावर आलं. काकांनी बारीक कोरीव काम एका ओळखीच्या बाईंकडे सोपवलं. रंग जुळवणं, दाताची ठेवण ठरवणं स्वतःकडे ठेवलं. आणि मला परत ट्रकवर चढवून तो खोक्यात घातला, कपाटावर टाकला. आमच्यासकट.

खोक्यात किती दिवस गेले, मला कळलं नाही. ट्रकसाठी दिवस म्हणजे पळणं. पळणं थांबलं की दिवसही थांबतात.

मग एका दुपारी खोकं खाली आलं. काकूंनी ते अंगणात नेलं. अंगण म्हणजे टणक, सारवल्यासारखी गुळगुळीत जमीन. काकूंनी आम्हाला सगळ्यांना काढलं आणि खणातले सगळ्यांत उंच टोच्यांचे टायर ट्रकला लावले. मी पायरीवर पडून बघत होतो. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि ट्रक सोडला. ट्रक लटपटला, गर्रकन फिरला, कुंडीवर आपटला. त्यांनी उचलून पुन्हा सोडला. पुन्हा कुंडी.

चौथ्या वेळेला दार धाडकन उघडलं. "अगं, काय चालवलंयस? ते टायर या जमिनीचे नाहीत!"

"मला काय कळतंय त्यातलं? चांगले दणकट दिसले, म्हणून लावले."

"दणकट कसले! उंच टोचे कडक जमिनीवर दुमडतात. मऊ रबर, बुटके टोचे, तेही अर्धे झिजलेले, असले पाहिजेत. दे ते पायरीवरचे." काकांनी स्वतः खाली बसून आम्हाला बसवायला घेतलं. नट हातातून दोनदा निसटला. काकूंनी दोन्ही वेळा तो उचलून परत दिला, स्वतः बसवला नाही.

उंच टोचे त्यांनी अजाणतेपणी लावले की मुद्दाम, हे मला आजही ठाऊक नाही. बस चालवणाऱ्या बाईला टायर कळत नाहीत, यावर माझा तरी विश्वास नाही.

त्या दिवसापासून अंगणात शिकवणी सुरू झाली. सुरुवातीला काकू बस चालवल्यासारखं मोठं वळण घ्यायच्या आणि आम्ही थेट कुंडीत. "अगं, यात प्रवासी नाहीत! जवळून घे."

"सवय आहे हो. मागे माणसं उभी आहेत असंच वाटतं."

पण तीच सवय कामी आली. काकू कधी हिसका द्यायच्या नाहीत. त्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा सरळ पट्ट्यावर खरोखर सरळ धावलो. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं.

मग शर्यतीचा दिवस आला. दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने फेऱ्या व्हायच्या, मध्ये टायर बदलायला वेळ मिळायचा. सकाळी भोंग्याने पाणी मारलं होतं, माती ओलसर होती. काकूंनी विचारलं, "कुठले लावायचे?"

सगळे नवे टायर काढत होते. काका ट्रॅकच्या कडेला उकिडवे बसले, अंगठा मातीत रुतवून पाहिला, आभाळाकडे पाहिलं. "पहिल्या फेरीला नवे लाव. शेवटच्या फेरीपर्यंत ऊन चढेल, माती काचेसारखी होईल. तेव्हा हे." आणि त्यांनी आम्हाला पुढे केलं. एव्हाना माझे टोचे जवळजवळ नाहीसे झाले होते.

शेजारचा एक जण हसला. "काका, यांना पेन्शन द्या आता."

"देणार आहे," काका म्हणाले. "आजची पाळी करून."

शेवटच्या फेरीला ऊन खरंच कडक तापलं. नव्या टायरांचे ट्रक वळणावर लटपटत होते, उड्या मारत होते. आम्ही मात्र त्या काळ्या पट्ट्याला गोंदासारखे धरून होतो. वर, चालवणाऱ्यांसाठी बांधलेल्या उंच फळीवर काकू उभ्या, शेजारी काका.

"सोड... अजून नाही... आता सोड... डावीकडे... अगं डावीकडे!"

"दिसतंय मला! चालकाशी बोलू नका हो!"

आजूबाजूचे हसले. काकांनी चक्क हात मागे बांधले. आम्ही पाचवे होतो, तेव्हा शेवटच्या वळणावर आमच्या लगेच पुढचे दोन ट्रक एकमेकांत अडकले. काकूंनी हिसका दिला नाही, घाईही केली नाही. बाजूने अलगद नेलं, जशी थांब्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाजूने बस काढतात. तिसरा नंबर आला. काकूंना वाटलं आपण हरलो. काका मात्र ओरडत होते, नाचत होते, भेटेल त्याला सांगत होते, "टायर मी निवडले! टायर माझे!"

लोक पांगले. भोंगा झाडू घेऊन ट्रॅकवर उतरला. काळा पट्टा धुळीने पुसट झाला होता. काका ट्रक पुसत बसले होते. पुसता पुसता म्हणाले, "एक फेरी मारू का मी?"

काकूंनी रिमोट त्यांच्या हातात दिला आणि ट्रॅकच्या पार पलीकडच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. ट्रक पालथा झाला तर सरळ करायला कुणीतरी हवं ना!

काकांनी हळू सोडलं. हुकूम आले तसे आले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. पण या वेळी वेग नव्हता, म्हणून मला ते सगळे पाळता आले. धुळीत माझ्यामागे एक नागमोडी रेघ उमटत गेली. भोंग्याने झाडू बाजूला ठेवला, हाताचा कर्णा केला आणि ओरडला, "आणि कवळीकाका पुढे! कवळीकाका पहिल्या नंबरावर!"

"दुसरं आहे कोण ट्रॅकवर?" काका ओरडले.

"कुणाची हिंमत आहे?" भोंगा म्हणाला. पलीकडच्या वळणावर काकू पदराने चेहरा पुसत होत्या. धूळ फार होती, हेही खरं.

आता माझी कड फाटली आहे, आतला स्पंज दिसतो. उद्या काका मला कढत पाण्यात टाकतील, गोंद सुटेल, पांढरं चाक मोकळं होईल. त्याच्यावर बसायचा नवा टायर आत्ता माझ्या शेजारी पाकिटात पडलाय, अंगभर ताजे टोचे मिरवत. मघाशी त्याने विचारलं, घर कसं आहे?

मी त्याला म्हटलं, चांगलं आहे. काकू चालवतील तेव्हा नाकासमोर धाव. आणि कधी सरळ पट्ट्यावर डावीकडे-उजवीकडे असे बारीक हुकूम यायला लागले, तर आपल्यात काही खोट आहे असं मनात आणू नकोस. आज काका चालवताहेत, एवढं ओळख आणि जपून धाव.