काटा वर येईपर्यंत

"गाडी सुरू केल्याबरोबर हीटरचा पंखा लावू नोको. इंजिनाले तापू दे. काटा वर आला की मंग लाव."

थंडीत मला काकड आरतीला नेताना आमचे हे मुलाला, गोपालला, असं बजावायचे. हे गेले, गाडी राहिली. आता तीही म्हातारी झाली आहे.

त्या पहाटे गोपाल सगळं विसरला. सुनेची, वैष्णवीची पोर अजून बाळंतिणीच्या खोलीबाहेरही आली नव्हती. दूध ओढेना, तळपाय गार पडलेले. गावची आशाताई रंजीता म्हणाली, "वाशिमले न्या, आत्ताच्या आत्ता. पण रस्त्यात पोरीले गार लागू देऊ नोका."

वैष्णवीनं पोर उघड्या छातीशी धरली, वरून घोंगडी घेतली. गोपालनं चावी फिरवली आणि हीटर पुरा सोडला. गारठलेला वारा सरळ पोरीच्या टाळूवर आला.

रोज उजाडेपर्यंत माझं मौनव्रत असतं. पण मी हात लांबवून पंखा बंद केला आणि म्हणाले, "आधी काटा येऊ दे."

"माय, तू बोलून राह्यली?"

"देव समजून घेईन. तू चाल."

गाव मागं पडलं. दोन्हीकडं हरभऱ्याची वावरं धुक्यात बुडालेली. काटा मात्र तळाशीच.

"काहून चढत नाही रे?"

"उन्हाळ्यात इंजिन लय तापे, म्हणून मुन्ना मिस्त्रीनं पाणी तापेपर्यंत अडवणारा वॉल काढून टाकला. आता पाणी तापतच नाही."

एकदा यांनी गार वारा अडवायला गाडीच्या पुढच्या जाळीवर पुठ्ठा लावलेला मला आठवला. "थांब. डिकीतला खोका फाड. अर्धी जाळी झाक."

"अन् इंजिन उकळलं तं? मधातच बसू आपण!"

"काटा मी पाह्यतो. तू रस्ता पाह्य."

पुठ्ठा लागला. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून त्यानं खटका सरकवला, तशी काच धुरकटली. गोपाल एका हातातल्या दुपट्ट्यानं काच पुसायचा, दुसऱ्या हातानं गाडी सांभाळायचा. काटा हलला. मी पंखा हळूच लावला. ऊब आली, पण वैष्णवी रडवेली झाली, "आई, हिचा हात गारच हाय. डोळेही उघडून नाही राह्यली."

मला कुळदैवताचं नावही आठवेना. मंगरूळपीर आलं, दर्गा दिसला आणि मी मनातल्या मनात बोलून गेले, "बाबा, पोर गरम अंगानं दवाखान्यात पोचू दे. तुले चादर घालतो."

पुढं काटा लाल पट्टीकडं सरकू लागला. मी ओरडले, "गोपाल, पुठ्ठा काढ!" त्यानं तो ओढून शेतात भिरकावला. काटा जरा उतरला, ऊब टिकली. पण पोर हलेना.

दवाखान्यात सिस्टरनं पोरीच्या पोटाला हात लावला. "अंग गरम आहे. बरं केलं." मग तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर मात्र म्हणाले, "दूध ओढेपर्यंत काही सांगता येणार नाही."

वैष्णवी भिंतीला टेकून पेटीकडं पाहत बसली. गोपाल औषधं आणायला गेला होता. मी हात जोडले, पण पुढचं मागायला मन धजेना. मागितलं तेवढं तर मिळालं होतं. आधीचं फेडल्याशिवाय आणखी कसं मागावं?

वैष्णवीच्या डोक्यावरून हात फिरवला. "येतोच," एवढंच म्हणाले, आणि मंगरूळपीरची बस कुठं लागते ते विचारत बाहेर पडले.