आचाऱ्याचं दुखणं

वही माझी, तेव्हा घोळही माझाच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळं गाव काढेबाई म्हणायचं. त्या झाडपाल्याची औषधं द्यायच्या. सासूबाई जाताना त्यांच्या हाती खलबत्ता देऊन गेल्या आणि माझ्या हाती वही, कारण घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. जाऊबाईंना वाचता येत नसलं तरी त्यांचं कुठे अडायचं नाही. फडताळातल्या चाळीस बरण्यांच्या गळ्यात दोरे होते, दोऱ्यांना गाठी होत्या, आणि कुठली साल किती गाठींची हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मी वाचणारी, शहाणी, तीनदा चुकीची बरणी काढली आणि तीनदा बोलणी खाल्ली.

आमच्या घराला दोन दारं. रस्त्यावरच्या दाराने गरीब लोक यायचे, आपापलं दुखणं घेऊन. मागच्या बोळातल्या दाराने मोठ्या घरांची नोकरमाणसं यायची, आणि ती मात्र दुसऱ्याचं दुखणं घेऊन यायची. मोठ्या घरच्या बाया स्वतः कशाला येतील? त्यांची पावलं आमच्या बोळात पडली असती तर दिवस मावळायच्या आत चार गल्ल्यांत चर्चा झाली असती. म्हणून जाऊबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दारात जो येईल त्याचं नाव लिही, तो जे दुखतं म्हणेल ते लिही, आणि कुणाचं दुखतंय ते विचारू नकोस.

मी आज्ञाधारक. विचारलं नाही, नुसतं लिहिलं, तेही रेघा आखून, वळणदार अक्षरात. त्यामुळे आमच्या वहीत एका घोडागाडीवाल्याच्या अंगावर दूध येत नव्हतं. सत्तर वर्षांच्या एका मोलकरणीला गरोदरपणाच्या उलट्या होत होत्या. आणि वकीलसाहेबांचा आचारी, चांगला मिशीवाला पुरुष, अकरा वर्षं दर महिन्याला येत होता. त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'अंग बाहेर येते. तिसऱ्या बाळंतपणापासून.'

त्या वेळी हसू आलं नाही का म्हणाल, तर आलं. पण वही आमच्या फडताळात राहणार होती, ती वाचणार कोण?

मग गोऱ्या सरकारचा नवा कायदा आला. औषध देणाऱ्या प्रत्येकाने परवाना घ्यायचा. त्यासाठी रोग्यांची वही दाखवायची आणि बरे झालेल्यांचे सहीचे दाखले आणायचे. नाही आणले तर औषध देणं बंद आणि बरण्या जप्त. जाऊबाईंना दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. नवरा गेल्यावर, मूलबाळ नसताना, त्या ज्याच्यासाठी उठत होत्या ते हे एवढंच होतं.

दाखले गोळा करायला मी निघाले. पुढच्या दाराच्या लोकांनी मागितल्याबरोबर दिले. धोबीण म्हणाली, लिही, माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आता नवऱ्याच्या कानाखाली जातो. मी तेवढं जरा सौम्य करून लिहिलं. नावाड्याने खोकल्याबद्दल सांगितलं, वीटभट्टीवरच्या दोघींनी पोरांच्या जुलाबाबद्दल. अकरा दाखले झाले, अकरा अंगठे. मला वाटलं, काम फत्ते.

सुनावणी कचेरीच्या मागच्या खोलीत होती. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये गोरा डॉक्टर, आमची भाषा पुस्तकातून शिकलेला. त्याच्या उजव्या हाताला त्या आचाऱ्याचे मालक वकीलसाहेब, डाव्या हाताला कारकून. आमच्या आधी ताकदीची बाटली विकणारा एक जण होता. त्याने वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची कात्रणंच आणली होती. चाळीस पत्रं, चाळीस लांबलांबच्या गावांची, आणि चाळिसांनाही दोन बाटल्यांत नवा जन्म मिळालेला. छापलेल्या सह्या बघून कारकून खूश झाला. पाच मिनिटांत परवाना घेऊन तो गृहस्थ गेलासुद्धा.

आमचे अंगठे वकीलसाहेबांनी दोन बोटांनी बाजूला सारले. यातलं प्रतिष्ठित कोण आहे, असं त्यांनी विचारलं. धोबीण म्हणायची का प्रतिष्ठित? मग त्यांनी माझी वही ओढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. घोडागाडीवाल्यापाशी ते थांबले. मोलकरणीपाशी त्यांचा चष्मा नाकावर घसरला. पुढच्या पानावर ते इतके मोठ्याने हसले की दाराशी बसलेला शिपाई आत डोकावला.

नशीब बघा, त्यांचा आचारी त्याच वेळी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन बाहेर उभा होता. त्यांनी त्याला आत बोलावलं, टेबलासमोर उभं केलं आणि ती ओळ सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवली. हे तुझंच ना रे, म्हणून विचारलं.

आचाऱ्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "हो साहेब. माझंच."

"अरे, कळतंय का तुला काय लिहिलंय ते?"

"कळत नसतं तर अकरा वर्षं औषध कशाला नेलं असतं?"

खोली हसली. डॉक्टर हसला नाही, कारण त्याला अर्धंच समजलं होतं. वकीलसाहेब डोळे पुसत त्याला समजावून सांगू लागले की ही वही बनावट आहे, ही बाई वाटेल त्याचं नाव आणि वाटेल तो रोग लिहिते. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "माझ्या घरात असलं काही दुखणं असतं तर मला कळलं नसतं?"

माझ्या जिभेवर आलं होतं हो. त्या घरात तीन बाळंतपणं झालेली बाई एकच होती. एक वाक्य बोलले असते तर वहीही खरी ठरली असती आणि वकीलसाहेबांचं तोंडही बंद झालं असतं. मी तोंड उघडलंच, तेवढ्यात जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. खल चालवून चालवून त्यांचा पंजा लोखंडासारखा झाला होता. मी उघडलेलं तोंड मिटलं.

वकीलसाहेबांनी मोठेपणा दाखवला. अकरा नकोत, म्हणाले, उद्या सकाळपर्यंत चांगल्या घरातल्या एकाच माणसाची सही आणा, परवाना देतो. नाहीतर दुपारी शिपाई बरण्या न्यायला येतील.

वाटेत मी जाऊबाईंशी भांडले. म्हटलं, तुम्ही मला अडवलंत का? त्या म्हणाल्या, "रोग त्यांचा आहे, सांगायचा तर त्यांनी सांगायचा. आपण कोण?" एवढंच बोलून त्या चालत राहिल्या.

मला कुठला धीर. जाऊबाईंना न सांगता मी तडक वकीलसाहेबांच्या घरी गेले, मागच्या दाराने. वकीलीणबाई स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. नाजूक, पांढऱ्या पडलेल्या, आणि उठताना टेबलाच्या कडेला हात टेकवून सावकाश उठणाऱ्या. मी सगळं सांगितलं. एक सही द्या म्हटलं, हात जोडले. आचारी दाराआड उभा होता.

त्यांनी हातातली घडी पुरी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी कधी कुठलं औषध घेतलं नाही."

मला असा संताप आला. म्हटलं, बरं झालं, मग उद्यापासून ते मिळणारही नाही, तुमचं काही अडायचं नाही. वर आणखीही काही बोलले, ते आता सांगत नाही. लाज वाटते.

घरी येऊन जाऊबाईंना कबूल केलं. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण त्या दिवशी चढवला. सासूबाईंच्या काळापासून मागच्या दाराने माणसं का येतात, ठाऊक आहे का तुला, म्हणाल्या. आपण ऐकलेलं कुठे बोलत नाही म्हणून येतात. आज तू त्यांच्या दारात जाऊन बोललीस. मग त्या फडताळासमोर बसल्या आणि एकेका बरणीच्या गळ्यातला दोरा सोडू लागल्या. मी विचारलं, हे काय करताय? बरण्या सरकारच्या होतील, म्हणाल्या, गाठी कशाला द्यायच्या. मला रडू फुटलं. माझ्या वळणदार अक्षरानेच माझ्या जावेचं घर बुडवलं होतं.

सकाळी मागचं दार वाजलं. आचारी होता. त्याने कागद पुढे केला, पाकिटाविना, नुसता घडी घातलेला. बाईसाहेबांनी सांगितलंय, म्हणाला, आधी तुम्ही वाचा, मग द्यायचा की नाही ते काढेबाईंनी ठरवावं. मी जाऊबाईंना वाचून दाखवला. तो मी नंतर वहीत उतरवून ठेवला, म्हणून जसाच्या तसा सांगते.

'मी दाखला देते की, काल जेवताना तुम्ही ज्या दुखण्यावर पोट धरून हसलात ते आचाऱ्याचे नाही, माझे आहे. तो तुम्हाला वाढत होता आणि मान खाली घालून ऐकत होता. धाकट्याच्या जन्मापासून माझे अंग बाहेर येते. पहिली दोन वर्षे नुसती शिंक येईल म्हणून मला धडकी भरायची. डॉक्टर पुरुष, म्हणून त्यांना दाखवता आले नाही. तुम्हाला का सांगता आले नाही, याचा मी रात्रभर विचार केला. काढेबाईंनी मला कधी पाहिलेले नाही. पूर्ण बरी करीन असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. चालती ठेवीन, असा आचाऱ्याकडून निरोप दिला होता, आणि ठेवले. गेल्या वर्षी मोठ्या साहेबांच्या स्वागताला मी तुमच्या शेजारी दोन तास उभी होते ती त्यांच्या सालीच्या पाण्यावर आणि तेलात भिजवलेल्या कापडाच्या घडीवर. हे मी खुशीने लिहिते आहे.' खाली त्यांची पूर्ण सही होती.

जाऊबाई म्हणाल्या, हा कागद द्यायचा नाही. त्या बाईला त्याच घरात राहायचंय.

मी म्हटलं, "रोग त्यांचा, सांगायचा तर त्यांनी सांगायचा. आता त्या सांगताहेत. आपण कोण अडवणार?"

जाऊबाई उठल्या आणि पायात चपला घातल्या.

कचेरीत मी तो कागद वकीलसाहेबांच्या हातात दिला. अक्षर त्यांनी घडी उघडताक्षणी ओळखलं असणार, कारण चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी तो एकदा वाचला. परत वाचला. त्यांचा अंगठा शेवटच्या ओळीवर तसाच राहिला. मी आदल्या दिवसापासून त्यांची ही अवस्था बघायची वाट पाहत होते, आणि आता ती बघवेना.

डॉक्टरने विचारलं, "हा दाखला कोणाचा आहे?" त्याने पुस्तकी भाषेत पुन्हा विचारलं, "सही करणारी व्यक्ती प्रतिष्ठित आहे काय?"

"आहे," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त."

त्यांनी स्वतः परवान्यावर सही केली आणि डॉक्टरपुढे सरकवला. कारकून वहीबद्दल काहीतरी पुटपुटला, तर वही खरी आहे एवढंच त्यांनी सांगितलं. कागद मात्र त्यांनी दाखल करायला दिला नाही. घडी घालून आतल्या खिशात ठेवला. आम्ही निघालो तेव्हा ते टेबलाला वळसा घालून दारापर्यंत आले. जाऊबाईंसमोर उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आता बरं आहे का तिला?"

जाऊबाईंनी परवाना कमरेला नीट खोचला. "मला काय विचारता," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन विचारा."

पुढचा महिनाभर मी दोरे परत बांधत बसले, जाऊबाई सांगतील तितक्या गाठी मारून. त्या दोऱ्यांत आता माझ्या चुका होत्या, जाऊबाई त्या गाठी पुन्हा सोडायच्या आणि मला शिव्या द्यायच्या. महिना भरला तसा आचारी आला, पण औषध मागेना. दारात उभा राहून म्हणाला, गुरुवारी बाईसाहेब स्वतः येणार आहेत. पुढच्या दाराने. साहेब सोबत येतो म्हणताहेत, त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

मी त्याच्यासमोर वही काढली. तो जरा घुटमळला, मग विचारलं, "म्हणजे आता माझं नाव खोडणार?"

मी सांगितलं, या वहीत खाडाखोड होत नाही. अकरा वर्षांच्या त्या सगळ्या ओळींच्या खाली मी त्याच्या देखत लिहिलं, 'रोगी बरा.' त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवलं. तो मिशीवरून हात फिरवत हसला, आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून डोळे पुसू लागला.