तांबड्या खुणेच्या हातभर वर

काल जेवताना जावई सहज म्हणाला, "मामा, विजेच्या सातव्या टॉवरवर फायबरची केबल काळी पडलीय म्हणे. उद्या आम्ही सातव्यावर, दुसरी टोळी तेविसाव्यावर. केबलला पट्ट्या गुंडाळून येतो." आणि सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, हातातला घास हातातच राहिला.

ती केबल बारा वर्षांपूर्वी मामांनीच टांगली होती. नकाशाप्रमाणे टॉवरवर तांबडी खूण केली होती. पण तिथं भोक पाडावं लागणार होतं आणि हातभर वर एक आयतं भोक होतं. "हातभरानं काय आभाळ कोसळतंय?" म्हणत त्यांनी वरच बोल्ट आवळला. खालून साहेबांनी मान डोलावली. कागदावर केबल खुणेवरच राहिली.

पण हातभर वर म्हणजे उच्च दाबाच्या तारांच्या तेवढंच जवळ. धूळ बसलेलं आवरण दवानं भिजलं की त्यावरून वीज सरपटते, ठिणगी पडते, आवरण कुरतडत जाते.

मामांनी रात्री सांगायचं ठरवलं. मग सकाळी. मग टोळीबरोबर निघाल्यावर जीपमध्ये. देवाचं नाव अखंड घेणारी जीभ खरं बोलायच्या वेळी मात्र टाळूला चिकटली. "आमच्या मामांचं काम म्हणजे दगडावरची रेघ," असं चारचौघांत सांगणारा जावई कागदावर विसंबून, लाइन चालू असतानाच वर चढला.

धुक्यातून आवाज येत होता. चुर्रर्र. ओलं लाकूड जळावं तसा.

"मामा, असं टक लावून बघू नका, दृष्ट लागेल केबलला!" जावई वरून हसला आणि त्यानं हात पुढे केला.

"हात मागे घ्या! जावईबापू, शिवू नका तिला!"

"अहो, प्लास्टिक आहे ते!"

"खूण खाली आहे, तुमच्या गुडघ्यापाशी! वर मी टांगलीय. चूक माझी आहे!"

जावयानं गुडघ्यापाशी धूळ पुसली. तांबडा रंग दिसला. तेवढ्यात, बोटं जिथं टेकणार होती तिथून, एक निळी रेघ सळसळत गेली.

तो खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "असे किती टॉवर, मामा?"

"सगळे."

जावयानं खिशातून फोन काढला आणि तेविसाव्यावरच्या टोळीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. डोक्यावरची चुरचुर वाढत होती, आणि पलीकडून फोन कोणी उचलत नव्हतं.